पेटीत बाळ, पेटीबाहेर आई-बाप

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून, ओळख पटेल असे तपशील वगळून):

"नमस्कार ताई. मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. मंडळी चंदगडकडची. हे पहिलंच बाळंतपण. तिसाव्या आठवड्यात तिचं बीपी एकदम चढलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, आणि रातोरात सिझर करावं लागलं. मुलगी झाली, साडेबाराशे ग्रॅमची. तीन आठवडे झाले, बेळगावच्या दवाखान्यात पेटीत आहे. डॉक्टर म्हणतात, प्रगती चांगली आहे. पण मंडळी एकदाच तिला बघून आली आणि त्यानंतर आत जायलाच तयार नाही. 'मला बघवत नाही' एवढंच म्हणते. घरी दूध काढून ठेवते, मी बर्फाच्या डब्यातून नेऊन देतो. बाकी वेळ भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. माझी आई म्हणते, सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, वारं लागतं. सहाव्या महिन्यात मी तिला गाडीवरनं माहेरी नेऊन आणलं म्हणून हे झालं, असंही आईच्या मनात आहे. पाहुणे रोज फोन करून वजन विचारतात. एक मावशी म्हणाली, सातव्यातलं आहे म्हणून जगतंय, आठव्यातलं असतं तर काय खरं नव्हतं. मी पाळी संपली की दवाखान्यात जातो, गाडी लावतो आणि गाडीवरच बसून रडतो. मग तोंड धुऊन आत जातो. मंडळीला हे माहीत नाही. तिला आत न्यायचं का नाही? बारसं करायचं का थांबायचं? आणि मी असाच राहिलो तर चालंल का? — एक बाप"

भाऊ,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. असंच राहिलात तर चालणार नाही. रडण्याबद्दल मी बोलत नाही. एवढीशी लेक नळ्यांमध्ये पडलेली बघून बापाला रडू येणारच. मला काळजी वाटते ती लपून रडण्याची, आणि रडून झाल्यावर 'सगळं बरं आहे' असा चेहरा करून आत जाण्याची. तीन आठवडे तुम्ही ते निभावलंत. अजून निदान तेवढेच दिवस, कदाचित जास्तच, दवाखान्याच्या खेपा आहेत. एवढे दिवस एकट्यानं ओढायचे नसतात.

तुमच्या लेकीसाठी तिथं डॉक्टर आहेत, तिन्ही पाळ्यांना सिस्टर आहेत, श्वास चुकला तर वाजणारा मॉनिटर आहे. तिच्या आईसाठी कोण आहे? तुमच्यासाठी कोण आहे? तुमच्या पत्रात मला तसं एकही माणूस दिसलं नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की तुम्हा दोघांसाठी प्रत्येकी एक माणूस ठरवा. नाव घेऊन, विचारून, आजच. तुमच्यासाठी भाऊ असेल, शॉपमधला एखादा जुना सोबती असेल. ज्याला रात्री दवाखान्यातून निघताना फोन करून 'आज असं झालं' एवढं सांगता येईल असा कुणीतरी. त्यानं सल्ला द्यायची गरज नाही, ऐकलं तरी पुरे.

आणि तिच्यासाठी तिची आई किंवा बहीण. इथं मला थोडं थांबून बोलायचंय. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरायची, मग मुलगी माहेरी जायची, आईच्या हातचं खायची, मनानं तयार व्हायची. तुमच्या मंडळीचं ते सगळं राहून गेलं. एका रात्रीत बीपी, सिझर, आणि शुद्धीवर आली तेव्हा पोट रिकामं आणि कुशीतही कुणी नाही. शेवटचे दहा आठवडे तिच्याकडून हिसकावून घेतल्यासारखे गेले, त्यांचंही तिला दुःख आहे. बाळ जिवंत असताना दुःख कसलं करायचं, म्हणून ती ते बोलत नसेल. लोकही 'जीव वाचला ना, मग झालं तर' म्हणून तिला गप्प करतात. तिच्या आईला चंदगडहून पंधरा दिवस राहायला बोलवा. व्याह्यांच्या घरी एवढे दिवस कसं राहायचं, असा संकोच त्यांना वाटेल. तो तुमच्या आईनं स्वतः फोन करून मोडावा. सीमेवर काही धुसफूस झाली की महाराष्ट्राची एसटी सीमेलगतच्या शिनोळीच्या पुढं येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा रोज ये-जा नको, राहायलाच बोलवा.

आता 'मला बघवत नाही' याबद्दल. हे ऐकून तुमच्या घरात कुणी 'कसली ही आई' म्हटलं असेल, तर त्यांना हे वाचायला द्या. ज्या बाईला लेक नकोशी झाली असेल ती सिझरचे टाके घेऊन दर तीन तासांनी उठून दूध काढत नाही. तुम्ही बर्फाच्या डब्यातून नेता ते दूध हेच तिचं लेकीकडं जाणं आहे, सध्या तिला जमतं तेवढं. आत जायला ती घाबरते, कारण एकदा बघितल्यावर जीव जडतो, आणि जीव जडला आणि काही बरंवाईट झालं तर, हा विचार तिला सहन होत नाही. शिवाय तिनं पहिल्यांदा जे बघितलं ते कुणीही तिला समजावून सांगितलं नव्हतं: पातळ कातडी, नाकात नळी, पायाला वायर, सतत काहीतरी वाजतंय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आया जगभर असंच सांगतात, की पहिल्या भेटीत आपलं बाळ आपलं वाटलंच नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्यात भाषा. तुम्हाला कन्नड येतं, तिला येत नाही. बेळगावात बऱ्याच सिस्टर मराठी बोलतात, पण डॉक्टरांचा राऊंड कन्नड आणि इंग्रजीत चालतो. चार माणसं आपल्या लेकीकडं बघून काहीतरी बोलतायत आणि त्यातला एक शब्दही कळत नाही, अशा वेळी माणूस वाईटच कल्पना करतं. आणि मला शंका आहे, भाऊ, की जे कळतं तेही तुम्ही तिला गाळून सांगता. रात्री श्वास दोनदा थांबला होता, हे सांगत नाही. वजन वाढलं, हे सांगता. ती तुमचा चेहरा ओळखते. गाळलेली बातमी ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं, असं तिला वाटत असेल. यापुढं तिला सगळं सांगा, सोप्या शब्दांत. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाचा श्वास मधेच काही सेकंद थांबतो, कारण मेंदूचं श्वासाचं केंद्र अजून पिकलेलं नसतं. त्यावर औषध असतं आणि दिवस भरत येतात तसं ते थांबतं. हे कारण माहीत असेल तर मॉनिटर वाजला तरी पायाखालची जमीन सरकत नाही. मराठी बोलणाऱ्या सिस्टरांची पाळी कधी असते ते विचारून घ्या आणि पहिल्या खेपेला तिला त्याच वेळी न्या. आणि तिला एवढं एक वाक्य शिकवा: "कूसु हेंग ऐत्री?" बाळ कसं आहे, हे स्वतःच्या तोंडानं विचारता आलं की ती तिथं परकी राहत नाही.

तर, आत न्यायचं का? होय. पण 'चल, तू आई आहेस ना' असं म्हणून नाही. आधी घरी तिला मोबाईलवर सिस्टरांच्या परवानगीनं काढलेला छोटा व्हिडिओ दाखवा. कुठली नळी कशासाठी आहे ते तुम्ही शिकून घ्या आणि तिला सांगा: ही दुधाची, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एकत्र करायला बाळ साधारण चौतिसाव्या आठवड्याला शिकतं, ही ऑक्सिजनची, पायावरचा लाल दिवा रक्तातला ऑक्सिजन मोजतो, तो टोचत नाही. मग जा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत. ती दारातून परत फिरली तर परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आत गेल्यावर हात कोपरापर्यंत धुऊन, कोमट करून, एक तळवा बाळाच्या डोक्यावर आणि एक पावलांवर नुसता ठेवायचा, हलवायचा नाही. इतक्या लहान बाळाला कुरवाळणं सोसत नाही, स्थिर हात मात्र आवडतो. तो स्पर्श तिनं एकदा अनुभवला की पुढचं काम सोपं आहे.

पुढचं काम म्हणजे कांगारू पद्धत. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापडानं बांधायचं, तासन् तास. १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडायच्या म्हणून एका बालरोगतज्ज्ञानं ही पद्धत सुरू केली. आज ती गरिबांची तडजोड राहिलेली नाही. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात एक ते जवळपास एक किलो आठशे ग्रॅमच्या, म्हणजे तुमच्या लेकीसारख्या, बाळांना जन्मल्यापासूनच छातीवर घेतल्यानं मृत्यू साधारण पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसातून ८ ते २४ तास ही पद्धत करावी, असं सांगितलं. आपल्याच कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात सरकारी दवाखाने आणि आशाताईंच्या मदतीनं ती गावपातळीवर नेली गेली आहे. पण या पत्रात मी ती सांगतेय ती आईसाठी. हरियाणात घरी कांगारू पद्धत करणाऱ्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली. मला त्याचं नवल वाटत नाही. जिला वाटतं की आपल्या शरीरानं लेकीला दगा दिला, तिलाच त्या शरीराच्या उबेवर लेकीचे ठोके संथ होताना दिसतात. हे कुणी शब्दांनी पटवू शकत नाही. डॉक्टरांना उद्याच विचारा, कधीपासून चालेल. ऑक्सिजनची नळी असली तरी बाळ स्थिर असेल तर बहुतेक वेळा चालतं.

आणि तुम्हीही घ्यायचं. बापाच्या छातीवर बाळ तेवढंच उबदार राहतं. शॉपमधून थेट जात असाल तर हातपाय धुऊन, तेलाचे कपडे बदलून, पुढून बटणं असलेला स्वच्छ शर्ट घालून जा. नखं कापलेली असावीत, सेंट नको, आणि तंबाखू किंवा विडी असेल तर या निमित्तानं सुटली तर सोन्याहून पिवळं. काही दवाखान्यांत आई-बापांना काचेबाहेरूनच दाखवतात. तसं असेल तर नम्रपणे, पण पुन्हा पुन्हा विचारा. आजारी नवजात बाळाच्या देखभालीत आई-वडिलांना सामील करून घ्यावं, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारनं २०१७ मध्येच काढल्या आहेत. लंगोट बदलणं, नळीतून दूध जाताना सिरिंज धरणं, ही कामं तुम्हाला शिकवता येतात. सोळा-सतरा तास नुसतं हात बांधून काळजी करणाऱ्या बापापेक्षा दोन तास काहीतरी करणारा बाप रात्री बरा झोपतो.

सव्वा महिन्याचं. तुमच्या आईशी भांडू नका, कारण त्यांच्या म्हणण्यात मोलाचंही पुष्कळ आहे. बाळंतिणीला कुणी काम सांगायचं नाही, गरम खायला घालायचं, तेल लावायचं, निजू द्यायचं, हे सव्वा महिनाच काय, सहा महिने करा. मोडायचा आहे तो फक्त उंबरा. लेक घरात असती तर उंबरा ओलांडायची गरजच नव्हती. लेक बेळगावला आहे, तर बाळंतिणीची खोली बेळगावला हलवायची. शहापूर, टिळकवाडी, वडगाव, कुठंही पाहुणा असेल तर त्याच्याकडं दोन-तीन आठवडे मागा. तेही जमलं नाही तर दिवसाआड न्या. टाके ताजे असेपर्यंत गाडीवरून नको, रिक्षा किंवा ओळखीची कार बघा. कानाला स्कार्फ बांधला तर तुमच्या आईच्या जिवाला बरं वाटेल, बांधू दे. त्यांनाच सोबतीला न्या. कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना सरकारी बसचं तिकीट पडत नाही, तेव्हा त्यांना पडणार नाही. मंडळीच्या आधारवर अजून चंदगडचाच पत्ता असेल तर तिला पडेल, म्हणून सुटे पैसे ठेवा. आणि 'बाळंतिणीला आणायला पाहिजे' हे तुमच्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून आईच्या कानावर जाऊ दे. राऊंडच्या वेळी त्यांना पुढं उभं करा. नातीला छातीवर घ्यायची पाळी आजीचीही येऊ शकते, हे कळलं की विरोध बराच मवाळ होतो.

गाडीवरून नेलं म्हणून हे झालं, हे मात्र घरात कुणी पुन्हा बोलता कामा नये, आणि ते थांबवायचं काम तुमचं आहे. मंडळीसमोर, स्पष्ट शब्दांत. तुम्ही लिहिलेली लक्षणं, चढलेलं बीपी, डोकं, डोळ्यांपुढची अंधारी, ही गरोदरपणातल्या एका आजाराची आहेत. त्याचं मूळ वारेत (प्लॅसेंटात) असतं, आणि वार गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच रुजते. सहाव्या महिन्यातल्या खानापूर-चंदगड रस्त्याचा, ग्रहणाचा, पपईचा त्यात हात नाही. जगात साधारण दहातलं एक बाळ दिवस भरण्याआधी जन्मतं. २०२० मध्ये भारतात अशी जवळजवळ ३० लाख बाळं झाली. एवढ्या आयांनी काही ना काही चुकीचं केलं होतं, असं कुणी म्हणू शकेल का? पहिलटकरणींना रोज थोड्या मात्रेची ॲस्पिरिन दिली तर अशी बाळंतपणं काहीशी कमी होतात, हे दाखवणारा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा देशांतल्या त्या बायकांमध्ये आपल्या बेळगाव भागातल्याही होत्या. पुढच्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना हा इतिहास सांगायचा, एवढंच त्यातून आपण घ्यायचं. आणि मावशींना सांगा, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त सशक्त असतं. पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

बीपीवरून आठवलं. सगळं घर मुलीच्या वजनाकडं बघतंय, पण तिची आईसुद्धा अजून पेशंट आहे. बाळंतपणानंतर सहा आठवडे तिचं बीपी वरचेवर तपासलं गेलं पाहिजे. पुन्हा डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं चमकलं, छातीखाली दुखलं, दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रक्तवाढीच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या सुरू आहेत ना, ते बघा. अशक्तपणाही माणसाला भिंतीकडं तोंड करून झोपवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते तुम्ही शांतपणे वाचा. बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवस रडू येणं, चिडचिड होणं बहुतेक बायकांना होतं आणि आपोआप ओसरतं. तुमच्या मंडळीला तीन आठवडे झालेत. बोलत नाही, पडून असते, लेकीला बघवत नाही म्हणते. हे नुसतं दमणं नसेल. बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांमध्ये त्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. तो आजार आहे, तो बरा होतो. त्यासाठी दहा प्रश्नांची एक साधी चाचणी १९८७ पासून जगभर वापरली जाते. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना या आठवड्यात ती करायला सांगा. घरी तुम्ही एवढं बघा: दूध काढून झाल्यावर सवड आणि शांतता असूनही तिला झोप लागते का? घास गिळवतो का? आणि एक प्रश्न तिला सरळ विचारा: 'कधी जीव द्यावासा वाटतो का? माझ्याशिवाय हिचं बरं होईल, असं मनात येतं का?' विचारल्यानं असला विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर कुणीतरी विचारलं याचा आधार होतो. उत्तर 'हो' आलं, किंवा ती रात्रंदिवस जागी राहून भलतंच बोलायला लागली, कानात आवाज येतात म्हणाली, कुणी बाळाला मारणार आहे म्हणाली, तर तिला एक क्षणही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही आणि कन्नडमध्येही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. औषधं लागली तर दूध बंद होईल, या भीतीनं मागं राहू नका. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं आहेत, डॉक्टर ती बघून देतात.

तोच नंबर तुमच्यासाठीही आहे. बाळंतपणाच्या आसपास साधारण दहातल्या एका बापालाही नैराश्य येतं, आणि पेटीतल्या बाळांच्या बापांवर ताण त्याहून जास्त असतो. बापाचं नैराश्य रडण्यातून कमीच दिसतं. ते चिडण्यातून, जास्तीची ड्यूटी मागून घेण्यातून, बाटलीतून, पोटदुखीतून बाहेर पडतं. तुम्ही रडताय, लिहिताय, म्हणजे तुमचा रस्ता अजून मोकळा आहे. मंडळीला आज रात्री एवढंच सांगा: 'मी रोज आत जायच्या आधी गाडीवर बसून रडतो. मलाही भीती वाटते.' तिला धीर द्यायला म्हणून तुम्ही दगडासारखे राहिलात, आणि तिला वाटतंय, घाबरलेली मी एकटीच. तुमची भीती कळली तर ती मोडणार नाही. बहुधा तुमच्या शेजारी बसायला उठेल. मालकांशीही बोला. महिनाभर पहिली पाळी मागा, कारण सांगून मागा. अंदाजानं कुणी सवलत देत नाही.

फोनांचं सोपं आहे. भावाला सांगा, रोज रात्री घरच्या ग्रुपवर तोच एक निरोप टाकेल आणि तुमच्या फोनवर विचारायचं नाही. वजनावर दिवस ठरवू नका. अशी बाळं आधी वजन घटवतात, मग साधारण दर किलोमागं दिवसाला १५ ते २० ग्रॅम वाढतात, म्हणजे तुमच्या लेकीचे दिवसाचे वीस-पंचवीस ग्रॅम. एखाद्या दिवशी तेही नाही, कारण शी झाली किंवा काटा बदलला. आठवड्याचा आकडा विचारा.

पैशाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे तेही एकटेच पेलताय. खासगी दवाखाना असेल तर तिथल्या सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडं रेशन कार्ड, आधार आणि गरोदरपणात मिळालेलं तायी कार्ड घेऊन जा, योजनेत काय बसतं ते विचारा. सरकारी दवाखान्यातल्या नवजात विभागात आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण मोफत असतात. बाळ स्थिर असेल तर तिकडं हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही. आणि बिलाचा आकडा मंडळीपासून लपवू नका.

बारसं? नाव आजच ठेवा. पाळणा, घुगऱ्या, पाहुणे, ते लेक घरी आल्यावर. पण पेटीवर तिच्या आईच्या नावाची चिठ्ठी आहे आणि घरात सगळे 'बाळ, बाळ' करतायत. मनातून सगळे थांबलेत, न जाणो म्हणून. नाव दोघांनी मिळून निवडा आणि तिच्या आईनं ते पेटीजवळ वाकून कानात सांगावं. सिस्टरांनाही सांगा, त्या त्याच नावानं हाक मारतील.

एक काम या आठवड्यातच करा, कारण तारीख निघून जाईल. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मल्यापासून महिना भरायच्या आत व्हावी लागते. तुमचे तीन आठवडे झालेत. उद्याच विचारा, झाली का, नसेल तर कधी. वेळेत सापडलं तर त्या दोषावर उपचार आहेत. घरी सोडण्याआधी ऐकण्याची तपासणीही करून घ्या.

आणि घरी आल्यावरची गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा दचकणार नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी सगळे पेढे वाटतात आणि त्याच रात्री आई-बापांची झोप उडते, कारण मॉनिटर नाही, सिस्टर नाही, श्वास चाललाय का हे बघायला आपणच. सुट्टीआधी एक-दोन दिवस मंडळीला दवाखान्यातच बाळाजवळ राहू देतील का, विचारा. सगळं तिनं स्वतःच्या हातानं केलेलं असलं की धास्ती कमी होते. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. मान धरणं, बसणं, रांगणं मात्र दहा आठवडे वजा करून मोजायचं, दोन वर्षांपर्यंत. शेजारची मुलगी पाचव्या महिन्यात पालथी पडली आणि आपली नाही, म्हणून कुणी मंडळीला टोचलं, तर हा हिशेब तुम्ही सांगायचा. आशाताईंच्या घरी ठरलेल्या भेटी असतात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या, आणि पेटीतून आलेल्या कमी वजनाच्या बाळांकडं त्यांनी त्यानंतरही यायचं असतं. सुट्टीची तारीख कळली की त्यांना फोन करा. त्या बाळाला काट्यावर ठेवतील, ताप बघतील, श्वास मोजतील. ते झाल्यावर बाळाच्या आईला आतल्या खोलीत बाजूला घेऊन 'तुझी झोप कशी आहे, मन कसं आहे' हेही विचारा, असं त्यांना तुम्ही आधीच सांगून ठेवा. आणि त्या वेळी तुम्ही बाहेर, आईंना घेऊन अंगणात थांबा.